डाव्या मनगटाला वळसा घालता आला, उजव्या गुडघ्याला नाही

प्रश्न दोन भागांत आहे. पहिला भाग असा: टेनिसपटू हुआन मार्टिन डेल पोत्रो मनगटांच्या चार शस्त्रक्रियांनंतर परत येऊन जागतिक क्रमवारीत तिसरा झाला, मग गुडघ्याच्या शस्त्रक्रियांनंतर त्याला परत का येता आलं नाही? दुसरा भाग: तुमचा सोळा वर्षांचा, उजव्या हाताने खेळणारा मुलगा दुहाती बॅकहँड (डावीकडे आलेल्या चेंडूला दोन्ही हातांनी रॅकेट धरून मारलेला फटका) मारतो, त्याला डाव्या मनगटात करंगळीच्या बाजूला दुखतं. त्याने खेळावं की थांबावं? पहिल्याचं उत्तर नीट समजलं की दुसऱ्याचं अर्धं उत्तर मिळतं, म्हणून त्याच क्रमाने जाऊ.

डेल पोत्रो अर्जेंटिनातल्या तांदील गावचा. जन्म १९८८, उंची १.९८ मीटर. २००९ च्या यूएस ओपनमध्ये विसाव्या वर्षी त्याने उपांत्य फेरीत नदालला ६-२, ६-२, ६-२ असं आणि अंतिम फेरीत फेडररला पाच सेटमध्ये हरवलं. पुढच्या वर्षी मे महिन्यात उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि २०११ च्या सुरुवातीला तो ४८५ व्या क्रमांकापर्यंत घसरला होता. तिथून वर आला, २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. मग डावं मनगट गेलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये दुबईत आपल्या सोमदेव देववर्मनविरुद्ध पहिला सेट टायब्रेकमध्ये गमावल्यावर त्याने सामना सोडला. मार्च २०१४ मध्ये शस्त्रक्रिया. जानेवारी २०१५ मध्ये सिडनीला परतला, दोन सामने जिंकला, त्याच महिन्यात दुसरी शस्त्रक्रिया. मार्चमध्ये मायामीत एक सामना खेळला, जूनमध्ये तिसरी. एका मनगटावर पंधरा महिन्यांत तीन शस्त्रक्रिया, आणि दोन शस्त्रक्रियांच्या मधे दर वेळी सामना खेळून पाहिलेला. हा क्रम लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या दुहाती बॅकहँडमध्ये डावा हात काय करतो ते पाहा. रॅकेटचं डोकं चेंडूच्या खाली सोडताना डाव्या हाताचा तळवा वरच्या बाजूला फिरलेला असतो आणि मनगट करंगळीकडे झुकलेलं असतं. तिथून रॅकेट झटक्याने वर आणि पुढे जाते. करंगळीच्या बाजूने मनगटावरून जाणारा जो टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) आहे, तो हाताच्या हाडाच्या एका उथळ खाचेत बसतो, आणि त्याला खाचेत धरून ठेवणारं आवरण पातळ असतं. मनगटाच्या नेमक्या या स्थितीत त्या आवरणावर सर्वांत जास्त ताण येतो. आवरण ताणलं की टेंडन सुजतो, फाटलं की टेंडन खाचेतून बाहेर सरकतो आणि हात फिरवताना टक् असा आवाज येतो. त्याच्या शेजारीच, आतल्या बाजूला, दोन हाडांना जोडणारी कार्टिलेजची (कूर्चेची) त्रिकोणी गादी आणि लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, असतात. त्या भागाला रक्तपुरवठा फक्त कडेने होतो, मध्यभागी जवळजवळ नसतो. म्हणून कडेची फाट शिवल्यावर भरून येऊ शकते, मधली येत नाही.

या दुरुस्त्यांना वेळ किती लागतो याचा अंदाज असा. शिवलेल्या जागेला चार ते सहा आठवडे प्लास्टर किंवा स्प्लिंट. हालचाल परत येईपर्यंत अडीच-तीन महिने. पूर्ण ताकदीने दुहाती बॅकहँड मारायला सहा ते नऊ महिने, कधी वर्ष. गडबड कुठे होते, तर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. त्या सुमारास रोजच्या कामात दुखत नाही, फोरहँड (उजवीकडचा फटका) आणि सर्व्हिस पूर्ण जोरात करता येते, खेळाडूचं शरीर बाकी सगळीकडे तयार असतं. सरावात प्रशिक्षक चेंडू हातात दिल्यासारखा सोपा देतो, तेव्हा बॅकहँडही बरा बसतो. सामन्यात मात्र ताशी दोनशे किलोमीटरची सर्व्हिस अंगावर येते, चेंडू उशिरा लागतो आणि उशिरा लागलेल्या चेंडूचा सगळा धक्का मनगट खातं. सराव आणि सामना यांतला हा फरक कुठल्याच एमआरआयमध्ये दिसत नाही.

फेब्रुवारी २०१६ मध्ये डेल पोत्रो १०४५ व्या क्रमांकावर होता. त्या महिन्यात डेलरे बीचला तो परतला तेव्हा वेगळाच बॅकहँड घेऊन आला. बहुतेक चेंडूंना एका हाताने स्लाइस (रॅकेट चेंडूखालून कापल्यासारखी नेऊन मारलेला फटका), दुहाती फटका अगदी गरजेपुरता. माझ्या मते त्या पुनरागमनाचं खरं मर्म या तांत्रिक निर्णयात आहे. स्लाइसमध्ये डावा हात फक्त रॅकेट मागे नेताना आधार देतो आणि फटक्याच्या वेळी सोडून देतो, म्हणजे दुखरं मनगट खेळातून जवळपास बाहेर काढलं. प्रतिस्पर्धी चेंडू सतत बॅकहँडकडे टाकणार हे गृहीत धरलं, आणि जिथे पाय पोहोचतील तिथे त्या चेंडूला वळसा घालून, म्हणजे त्याच्या डावीकडे जाऊन, फोरहँड मारला. याच खेळावर त्याने रिओ ऑलिंपिकमध्ये पहिल्या फेरीत जोकोविचला आणि उपांत्य फेरीत नदालला हरवून रौप्यपदक घेतलं. नोव्हेंबरमध्ये झाग्रेबला डेव्हिस कपच्या अंतिम लढतीत मारिन चिलिचविरुद्ध दोन सेटनी मागे पडूनही जिंकला आणि अर्जेंटिनाला पहिल्यांदा तो करंडक मिळाला. दुहाती बॅकहँड पुढे हळूहळू सुधारत गेला. २०१८ मध्ये इंडियन वेल्सच्या अंतिम सामन्यात फेडररचे तीन चॅम्पियनशिप पॉइंट वाचवून विजेतेपद, ऑगस्टमध्ये तिसरा क्रमांक, सप्टेंबरमध्ये यूएस ओपनची अंतिम फेरी.

ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघायला बोर्ना चोरिचविरुद्ध खेळताना तो पडला आणि उजव्या गुडघ्याची वाटी मोडली. तेव्हा शस्त्रक्रिया केली नाही. २०१९ मध्ये अधूनमधून खेळला, मे महिन्यात रोमला तर जोकोविचविरुद्ध दोन मॅच पॉइंटपर्यंत पोहोचला. जूनमध्ये लंडनच्या क्वीन्स क्लबच्या गवतावर डेनिस शापोवालोव्हविरुद्धच्या सामन्यात पाय घसरला आणि तीच वाटी पुन्हा मोडली. सामना त्याने पूर्ण करून जिंकला, पुढचा खेळू शकला नाही. शस्त्रक्रिया झाल्या त्या अशा: जून २०१९ मध्ये बार्सिलोना, जानेवारी २०२० मध्ये मायामी, ऑगस्ट २०२० मध्ये स्वित्झर्लंड, मार्च २०२१ मध्ये शिकागो. ८ फेब्रुवारी २०२२ ला, ९६५ दिवसांनी, ब्यूनोस आयरेसला फेडेरिको डेलबोनिसविरुद्ध तो कोर्टवर उतरला, ६-१, ६-३ असा हरला आणि डोक्याची पट्टी नेटवर टांगून गेला. सामन्याआधीच त्याने सांगितलं होतं की हे पुनरागमनापेक्षा निरोप असण्याची शक्यता जास्त आहे आणि त्याला रात्री पाय न दुखता झोपायचं आहे.

आता मुख्य मुद्दा. डाव्या मनगटाला खेळात पर्याय होता. उजव्या गुडघ्याला नव्हता, आणि कारण त्याच्या फटक्यांमध्येच आहे. उजव्या हाताचा खेळाडू खुल्या पवित्र्यात (छाती नेटकडे ठेवून) फोरहँड मारतो तेव्हा सगळं वजन आधी उजव्या पायावर घेतो, गुडघा वाकवतो आणि त्या वाकलेल्या गुडघ्यातून उसळी घेत कंबर फिरवतो. डेल पोत्रोच्या फोरहँडचा वेग दिसायचा हातात, पण तयार व्हायचा उजव्या मांडीत. उजव्या कोपऱ्याकडे धावत जाऊन मारलेल्या फोरहँडनंतर ब्रेकही उजव्याच पायावर लागतो. सर्व्हिसमध्ये मागचा पाय उजवा, वर ढकलणारा. आणि ज्या स्लाइसने मनगट वाचवलं, ती स्लाइस मारताना उजवा पाय पुढे टाकून गुडघा खोल वाकवावा लागतो. जवळजवळ दोन मीटर उंचीच्या माणसाला गुडघ्याइतक्या उंचीवरच्या चेंडूखाली जायला तर आणखीच. म्हणजे मनगटाची सुटका ज्या दोन गोष्टींवर उभी होती, स्लाइस आणि वळसा घालून मारलेला फोरहँड, त्या दोन्हींचा भार शेवटी उजव्या गुडघ्यावरच होता. वाटी मोडली ती पडल्यामुळे, या भारामुळे मोडली असं म्हणता येणार नाही. पण मोडल्यावर त्याला खेळात लपायला जागा उरली नव्हती.

वाटीचं काम कप्पीसारखं आहे. मांडीच्या पुढच्या स्नायूची ओढ तिच्यावरून वळून नडगीपर्यंत जाते आणि पाय सरळ होतो. गुडघा जितका जास्त वाकलेला, तितकी वाटी मागच्या हाडावर जास्त दाबली जाते. सपाट चालताना हा दाब शरीराच्या वजनापेक्षा कमी असतो, जिना उतरताना तिप्पट-चौपट, खोल बैठकीत सात-आठ पट. डेल पोत्रोचं वजन सत्त्याण्णव किलोच्या आसपास धरलं तर स्लाइसखाली वाकताना वाटीवर किती येत असेल याचा हिशेब कुणालाही करता येईल.

मोडलेली वाटी हाड म्हणून बहुधा जुळते. तुकड्यांतलं अंतर साधारण तीन मिलिमीटरपेक्षा कमी आणि सांध्याच्या बाजूची पायरी दोन मिलिमीटरपेक्षा कमी असेल, आणि रुग्णाला सरळ पाय उचलता येत असेल, तर शस्त्रक्रियेशिवाय पाय सरळ ठेवून भागतं. त्याहून जास्त सरकलं असेल तर तारा किंवा स्क्रू घालून, वरून आठच्या आकड्यासारखी तार आवळतात, म्हणजे गुडघा वाकताना तुकडे एकमेकांवर दाबले जातात. तारा त्वचेखाली लगेच हाताला लागतात, टोचतात, आणि बऱ्याच जणांमध्ये त्या काढायला आणखी एक छोटी शस्त्रक्रिया लागते. हा भाग फारसा अवघड नाही.

अवघड आहे ते वाटीच्या मागचं कार्टिलेज. शरीरातलं सर्वांत जाड कार्टिलेज इथे असतं, पण त्यात रक्तवाहिन्या नाहीत. हाड मोडताना ते चिरलं किंवा चेंबलं तर मूळ कार्टिलेज परत येत नाही, भरून येतो तो जरा खरखरीत, कमी टिकाऊ थर. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर जुळलेलं दिसतं आणि खेळाडू म्हणतो की जिना उतरताना कळ येते. दोघंही खरं सांगत असतात. त्याच जागी दुसऱ्यांदा मोडलं तर ते आधीच खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर मोडतं.

त्यात सूज आणि स्नायू यांचं दुष्टचक्र. गुडघ्यात वीस-तीस मिलिलिटर पाणी साठलं तरी मांडीचा आतल्या बाजूचा स्नायू मेंदूच्या आदेशावर पुरेसा आवळत नाही. हा आळस नव्हे, मज्जातंतूंची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. स्नायू आवळला नाही की तो बारीक होतो, बारीक झाला की धक्का वाटीवर जातो, वाटी चिडली की पुन्हा पाणी. शस्त्रक्रिया कितीही चांगली असो, ती स्वतःच सूज निर्माण करते, म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेबरोबर हे चक्र पहिल्यापासून सुरू होतं. चौथ्या वेळी जो स्नायू परत मिळवायचा असतो तो पहिल्या वेळेइतका राहिलेला नसतो, आणि खेळाडूचं वय बत्तीस झालेलं असतं.

गुडघा खेळायला तयार आहे का, हे पाहायच्या कसोट्या ठरलेल्या आहेत. वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर टेपने दोन्ही मांड्यांचा घेर मोजा, फरक एक-दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. मांडीची ताकद यंत्रावर मोजून दुसऱ्या पायाच्या किमान नव्वद टक्के. एका पायाच्या उडीचं अंतरही तेवढंच. पंचवीस अंश उतरत्या फळीवर एका पायाने बैठक मारताना दहापैकी तीनपेक्षा जास्त दुखू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं, सत्रानंतर चोवीस तासांनी गुडघा सत्राआधी होता तसाच असावा. दुसऱ्या दिवशी सकाळी सूज किंवा कडकपणा असेल तर आदला भार जास्त झाला, भले त्या वेळी काही दुखलं नसो. या कसोट्यांच्या आधी गोळी किंवा इंजेक्शन घेतलं असेल तर कसोट्यांना अर्थ उरत नाही. टेंडनच्या आत कॉर्टिसोन (सूज उतरवणारं स्टेरॉइड) देणं तर टाळायलाच हवं, कारण त्याने टेंडन कमकुवत होतो.

घाई का होते हेही सांगायला हवं, कारण ती बहुतेक वेळा बेफिकिरीतून होत नाही. क्रमवारीचे गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. पुरुषांच्या एटीपी टूरवर सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलेल्याला संरक्षित क्रमांक, म्हणजे स्पर्धेत प्रवेशासाठी गोठवून ठेवलेला जुना क्रमांक, मागता येतो, आणि तो दुखापतीनंतरच्या पहिल्या तीन महिन्यांच्या सरासरीवर ठरतो. पण तो मोजक्या स्पर्धांना आणि मोजक्या महिन्यांनाच चालतो, आणि त्यावर मानांकन मिळत नाही. म्हणजे मुख्य ड्रॉमध्ये जागा मिळते, पण पहिल्याच फेरीत अव्वल खेळाडू समोर येऊ शकतो. अर्धवट बऱ्या गुडघ्याला सोप्या सामन्यांची चढण हवी असते, ती या व्यवस्थेत मिळत नाही. मोठ्या नावाला वाइल्ड कार्ड (क्रमवारी न पाहता आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) मिळतं, डेल पोत्रोला २०१६ च्या यूएस ओपनमध्ये मिळालं होतं. दोनशेव्या क्रमांकाच्या खेळाडूकडे तोही मार्ग नसतो आणि फिजिओचा खर्च स्वतःच्या खिशातून असतो.

एकेरी थांबली म्हणजे टेनिस थांबलं असं मात्र नाही. सानिया मिर्झा मुंबईत जन्मलेली, २००७ मध्ये एकेरीत २७ व्या क्रमांकावर पोहोचली, २००८ मध्ये उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली, गुडघ्यांनीही त्रास दिला. पुढे एकेरी सोडून एप्रिल २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. युकी भांब्रीने २०१७ मध्ये पुण्यात चॅलेंजर (मुख्य टूरच्या खालच्या पातळीची स्पर्धा) जिंकली, २०१८ मध्ये ८३ वा क्रमांक गाठला, मग गुडघ्यांमुळे दोन वर्षांहून जास्त काळ गेला, आणि आता तो दुहेरी खेळतो. दुहेरीत प्रत्येकाला कोर्टचा अर्धाच भाग सांभाळायचा असतो, लांब रॅली कमी, खोल वाकून ब्रेक मारण्याचे प्रसंग कमी. ज्या गुडघ्याला एकेरीचे तीन तास झेपत नाहीत त्याला दुहेरीचे दीड तास झेपू शकतात. डेल पोत्रोच्या बाबतीत तेवढंही उरलं नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये, जोकोविचबरोबरच्या निरोपाच्या सामन्याआधी, त्याने रोजच्या वेदनांबद्दल आणि गोळ्यांबद्दल उघडपणे सांगितलं. बाकीच्या खेळाडूंसाठी हे सांगणं मोलाचं आहे, कारण शस्त्रक्रियांनंतरचं रोजचं जगणं सहसा कुणी दाखवत नाही.

आता तुमच्या मुलाकडे.

दुखतंय ती जागा आधी नक्की करा. करंगळीच्या बाजूला मनगटावर जो हाडाचा उंचवटा दिसतो, त्याच्या मागून जाणाऱ्या दोरीसारख्या टेंडनवर दाबून दुखत असेल तर बहुधा टेंडनची सूज. उंचवट्याच्या थोडं पुढे, तळव्याकडच्या बाजूला जो मऊ खळगा आहे तिथे दाबल्यावर नेमकी तीच कळ आली, किंवा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना दुखलं, तर आतलं लिगामेंट किंवा त्रिकोणी गादी तपासावी लागेल. तळवा वर करून मनगट करंगळीकडे झुकवताना टक् आवाज येऊन टेंडन सरकताना दिसला तर दुहाती बॅकहँड त्याच दिवशी बंद आणि हाताच्या शस्त्रक्रियेतल्या तज्ज्ञाकडे जायचं. सोळाव्या वर्षी हाडाची वाढीची जागा अजून उघडी असू शकते, म्हणून एक्स-रे आधी, एमआरआय नंतर. सरकणाऱ्या टेंडनसाठी हात फिरवत केलेली सोनोग्राफी एमआरआयपेक्षा जास्त सांगते.

नुसती सूज असेल तर दोन ते तीन आठवडे दुहाती बॅकहँड पूर्ण बंद, दिवसा स्प्लिंट. फोरहँड, सर्व्हिस, पायांचा सराव चालू ठेवा, आणि याच काळात एका हाताची स्लाइस नीट शिकवा. ती पुढे आयुष्यभर उपयोगी पडेल. दुखणं उतरलं की अर्धा किलोची हातोडी टोकाला धरून हात सावकाश दोन्हीकडे फिरवायचा, पंधरा-पंधराचे तीन फेरे, एक दिवसाआड. मग पकडीची ताकद मोजा. डावा हात उजव्याच्या नव्वद टक्क्यांवर आला की फटके सुरू करा.

पहिली सत्रं मुलांच्या सरावाच्या लाल मऊ चेंडूने, कोर्टच्या मधल्या सर्व्हिस लाइनवरून, वीस-वीस बॅकहँडचे दोन फेरे. मग क्रमाने थोडे कडक असे नारिंगी आणि हिरव्या ठिपक्याचे चेंडू, मग नेहमीचा चेंडू, बेसलाइन (कोर्टची मागची रेषा) शेवटी. प्रत्येक टप्प्यावर किमान तीन सत्रं, एक दिवस सोडून एक. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं तर एक टप्पा मागे. समोरून हाताने टाकलेले चेंडू आणि रॅलीतले चेंडू हे दोन वेगळे टप्पे धरा. रिटर्नचा, म्हणजे समोरची सर्व्हिस परतवण्याचा, सराव सर्वांत शेवटी, कारण चेंडू उशिरा लागण्याची शक्यता तिथे जास्त असते.

रॅकेटचं गटिंग, म्हणजे त्यातल्या ताणलेल्या तारा, हेही पाहा. या वयात पूर्ण पॉलिएस्टर गट चोपन्न-पंचावन्न पाउंडांवर ताणलेलं असेल तर ते काढून मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धाग्यांचं, मऊ गट) अठ्ठेचाळीस ते पन्नासवर करा. पॉली तुटत नाही म्हणून पालक ते महिनोन्महिने ठेवतात, पण दहा-पंधरा तासांच्या खेळानंतर त्याची लवचीकता गेलेली असते आणि तुटेपर्यंत सगळा हादरा हातात येतो. पावसाळ्यात ओलसर, जड झालेल्या चेंडूंवर बॅकहँडचा सराव नको. प्रशिक्षकांना बॅकहँडचं चित्रीकरण करायला सांगा, आणि चेंडू पुढच्या पायाच्या मागे लागतोय का ते पाहा. लागत असेल तर मनगटाला कितीही विश्रांती दिली तरी दुखणं परत येईल, कारण मूळ दोष पायांच्या उशिरात आहे.

सहा आठवड्यांत हे सगळं करूनही खळग्यातली कळ तशीच असेल, तर पुढची स्पर्धा कुठलीही असो, नाव मागे घ्या आणि एमआरआय करून तज्ज्ञांना दाखवा. शस्त्रक्रिया ठरलीच तर आधी एक प्रश्न विचारा: पूर्ण जोराचा दुहाती बॅकहँड कितव्या महिन्यात? जो महिना सांगतील त्याच्या आधीच्या कुठल्याही स्पर्धेचा अर्ज भरू नका.